पुस्तक विसरलेला मुलगा



"टीचर, पुस्तक विसरलो" हे वाक्य मी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आजवर किती वेळा ऐकले असेल, त्याला हिशेब नाही. माझे उत्तरही ठरलेले असे. "खेळायला चेंडू आणायचा विसरला नाहीस, पुस्तक तेवढं बरं विसरलास!" वर्ग हसायचा. मुलगा खाली मान घालून उभा राहायचा आणि मी पुढच्या मुलाला वाचायला सांगायची.

यांतला एक मुलगा पुस्तक कधीच विसरत नव्हता. दर रविवारी ते त्याच्या पिशवीतच असायचे. हे मला या वर्षी कळले, आणि ते मला सांगितले आमच्याच धर्मग्रामातल्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने. तिला ते आमच्या वर्गात कळले नव्हते. ते कळले होते एका सरकारी मराठी शाळेत, मुलांबरोबर बसकरावर बसल्यावर. तिचा तो अनुभव मी आज तिच्या परवानगीने लिहीत आहे. त्यातून आपल्या धर्मशिक्षणाविषयी माझे एक मत तयार झाले आहे, तेही स्पष्ट मांडते.

ही मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एनएसएसमध्ये आहे. एनएसएसच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास सेवा करायची असते. तिच्या मैत्रिणी झाडे लावायला, परिसर स्वच्छ करायला गेल्या. हिने आमच्या बेळगाव भागातल्या एका खेड्यातील प्राथमिक शाळेत कॉलेजचे पत्र नेऊन दिले आणि मुख्याध्यापकांकडून मंगळवार व गुरुवारची सकाळ मागून घेतली. कारण फार थोर नव्हते. शाळा तिच्या बसच्या वाटेवर होती आणि लहान मुले तिला आवडतात. हे तिनेच मला हसत सांगितले.

वर्ग तिसरी-चौथीचा, एकत्र. सव्वीस मुले आणि एक बाई. बाई चौथीला भागाकार शिकवू लागल्या की तिसरीने फळ्यावरचे उतरवून काढायचे, आणि तिसरीचा धडा सुरू झाला की चौथीने पाढे लिहायचे. आपल्या कितीतरी खेड्यांत असेच चालते. बाई चांगल्या, मनापासून शिकवणाऱ्या. पण एका माणसाला दोन डोळे आणि एकच तोंड असते.

मुले तिला 'अक्का' म्हणू लागली. पहिले दोन आठवडे अक्का फार खूश होती. जो मागेल त्याला ती मदत करायची. "अक्का, एवढं लिहून द्या की," म्हणत मुले वह्या पुढे करायची आणि ती लिहून द्यायची. गणित अडले की उत्तर सांगायची. एके दिवशी वह्या तपासताना बाई थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अक्षर छान आहे गं तुझं. पण परीक्षेला तू बसणार आहेस, का तो?"

त्या दिवशी बसमध्ये आपल्याला रडू आले, असे ती म्हणाली. पण गुरुवारी ती पुन्हा गेली, आणि या वेळी तिने पेन पिशवीतच ठेवले.

हात मोकळे झाले तेव्हा तिला मुले नीट दिसू लागली. चौथीच्या रांगेत शेवटी एक मुलगा बसायचा. तोच हा आमच्या वर्गातला. बाईंनी वाचायला सांगितले की तो धडा धडाधड म्हणायचा, बोट ओळींवरून फिरवत. बाजूला बसल्यावर तिच्या लक्षात आले, की बोट एका ओळीवर असते आणि तोंड दुसऱ्या ओळीवर. धडा म्हणून संपला तेव्हा बोटाखाली अजून दोन ओळी शिल्लक होत्या. तिने सहज शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "एवढीच वाच बघू." तो गप्प झाला. मग म्हणाला, "अक्का, पोटात दुखतंय."

त्याला वाचता येत नव्हते. इतर मुले धडा वाचायची तेव्हा तो कान देऊन ऐकायचा आणि दोन-तीनदा ऐकले की सगळा धडा त्याला पाठ व्हायचा. म्हणजे मुलगा मंद नव्हता. त्याची सगळी हुशारी वाचता येत नाही हे लपवण्यात खर्च होत होती.

शाळा सुटल्यावर तिने बाईंना हे सांगितले. बाईंना ते माहीत होते. "पहिली-दुसरीत असताना वडिलांच्या कामापायी दोन गावं बदलली त्यांनी. अक्षरं शिकायच्या वयात पोर धड शाळेतच नव्हतं. त्याच्याजवळ रोज दहा मिनिटं बसलं तर होईल. पण माझी ती दहा मिनिटं कुठनं काढू, सांग. तू बस."

वाचकहो, या दोन शब्दांपाशी मी फार वेळ थांबले. 'तू शिकव' असे बाई म्हणाल्या नाहीत. 'तू बस' म्हणाल्या.

ती बसली. तिने काय केले ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ते जमण्यासारखे आहे. घरी काय झाले ते ती त्याला विचारायची. तो सांगायचा, "आमची शेळी काल व्याली. दोन करडं झाली." हेच वाक्य, त्याच्याच शब्दांत, ती वहीत मोठ्या अक्षरांत लिहायची. मग त्यातला एकेक शब्द कापून चिठ्ठ्या करायची आणि उलटसुलट मांडायची. आता पाठांतराचा उपयोग नव्हता. प्रत्येक शब्दाच्या तोंडाकडे बघावेच लागायचे. कधी 'शेळी' ओळखली जायची, कधी 'करडं' अडायचे. अडले की ती सांगायची नाही. मनात वीस आकडे मोजायची. "ते वीस आकडे मोजणं हेच सगळ्यात अवघड काम होतं," असे ती म्हणते. उत्तर ओठांवर असताना गप्प बसणे म्हणजे काय, ते ज्याने मुलांना शिकवले आहे त्यालाच कळेल.

मधे कॉलेजचे स्नेहसंमेलन आले आणि तिचे दोन गुरुवार बुडाले. परत गेली तेव्हा तो तिच्याजवळ बसायला आला नाही. लांबूनच विचारले, "झालं काय तुमचं कॉलेज?" पुन्हा जवळ यायला त्याला दोन आठवडे लागले. आपल्या १२० तासांच्या वहीत हे दोन आठवडे कुठेच लिहिता येत नाहीत, असे ती मला म्हणाली.

आता माझ्याकडे येते.

हा मुलगा आमच्याकडे प्रथम कम्युनियनच्या तयारीच्या वर्गात होता. गेल्या वर्षी त्याचे नाव मी यादीतून बाजूला ठेवले होते. प्रार्थना पुस्तकातून वाचत नाही, घरचा अभ्यास करून आणत नाही, विचारले की पोटात दुखते म्हणतो. "मुलगा हट्टी आहे, अजून वर्षभर थांबू या," असे मी त्याच्या आईला सांगितले. तिने उलट शब्द काढला नाही. "बरं टीचर," एवढेच म्हणाली. त्या रविवारी पांढरे कपडे घातलेल्या मुलांची रांग वेदीकडे गेली तेव्हा हा आईजवळ बाकावर बसून होता. मी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

यंदा ऑगस्टमध्ये ती मुलगी मला धर्मशिक्षणाच्या वर्गात मदत करायला आली. त्या दिवशीही मी रांगेने वाचन घेतले. तो उभा राहिला, "पुस्तक विसरलो," म्हणाला, मी माझे ते ठरलेले वाक्य बोलले आणि वर्ग हसला. ती हसली नाही. त्या दिवशी ती मला काही बोललीही नाही. पुढच्या मंगळवारी शाळेत तिने आधी त्यालाच विचारले, "टीचरना सांगू का मी?" त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "सांगा. पण सगळ्यांसमोर नको."

नऊ वर्षांच्या मुलाने घातलेली ही अट. मी अनेक वर्षे धर्मशिक्षण देते आहे. ही अट मला कुणी घालावी लागली, याची मला लाज वाटते.

त्या आठवड्यात मी घरी आमचे पुस्तक उघडले आणि पहिल्यांदाच नुकते अक्षर ओळखू लागलेल्या मुलाच्या नजरेने पाहिले. 'प्रभू', 'स्वर्ग', 'पवित्र', 'आत्मा', 'पश्चात्ताप', 'ख्रिस्त'. एकेक शब्द जोडाक्षरांनी भरलेला. शाळेत मूल आधी मुळाक्षरे शिकते, मग काना-मात्रा-वेलांटी, आणि जोडाक्षरे सगळ्यांत शेवटी. आपण रविवारी त्याच्या हातात शेवटची पायरी पहिल्यांदा देतो. 'ख्रिस्त' हाच शब्द घ्या. 'ख' हे अक्षर नव्या वाचकाला 'र' आणि 'व' शेजारी ठेवल्यासारखे दिसते. त्याला खालून 'र' जोडलेला. ह्रस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. पुढे पुन्हा अर्धा 'स'. ज्या नावावर आपला सारा विश्वास उभा आहे, ते नाव वाचायला मराठीतल्या अवघड शब्दांपैकी एक आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. त्यात आमच्या सीमाभागातले मूल कन्नड आणि इंग्रजी अक्षरेही शिकत असते. तीन लिप्या एकाच लहानशा डोक्यात.

मी त्याला वर्गानंतर थांबवून घेतले. पुस्तक काढलेच नाही. चर्चच्या पायरीवर बसलो. मी म्हणाले, "शेवटच्या भोजनाच्या वेळी काय झालं, तुला आठवतंय तसं सांग." तो सांगू लागला. सगळे जमले, येशूने पाय धुतले, एकजण नको नको म्हणत होता. मग भाकर घेतली, तुकडे केले आणि सगळ्यांना दिले. एवढे सांगून तो थांबला आणि म्हणाला, "ज्यानं फसवलं त्यालापण दिली की, टीचर."

माझ्या वर्गातल्या सगळी उत्तरे पाठ असलेल्या एकाही मुलाने मला हे कधी सांगितले नव्हते.

मी फादरांकडे गेले आणि माझी चूक सांगितली. त्यांनी मला दोन गोष्टींची आठवण करून दिली, त्या येथे नोंदवते. १९१० साली संत पोप दहावे पायस यांनी लहान मुलांच्या कम्युनियनविषयी एक आदेश काढला. त्या काळी कुठे दहा, कुठे बारा, कुठे चौदा वर्षांपर्यंत मुलांना थांबवून ठेवत. पोप महोदयांनी ते वय साधारण सातवर आणले आणि स्पष्ट केले, की धर्मतत्त्वांचे संपूर्ण ज्ञान ही अट नाही. ही साधी भाकर नव्हे, एवढे मुलाला आपल्या परीने कळले पाहिजे. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतही कलम ९१३ मध्ये पुरेसे ज्ञान आणि काळजीपूर्वक तयारी मागितली आहे, पण ती मुलाच्या कुवतीप्रमाणे. वाचता येण्याची अट तेथे कुठेही नाही. ती अट मी घातली होती. कायद्याने जे दार उघडे ठेवले होते, त्याला मी माझ्या हाताने कडी लावली होती.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदा गावच्या एका आंधळ्याची हकीकत आहे. ती मी अनेकदा शिकवली, पण त्यातल्या दोन गोष्टी मला आता दिसल्या. पहिली ही, की प्रभूने त्याला हाताला धरून गावाबाहेर नेले. गर्दीसमोर उभे करून बरे केले नाही. 'सगळ्यांसमोर नको' हे त्या माणसाला म्हणावेसुद्धा लागले नाही. दुसरी ही, की तो एका स्पर्शात पूर्ण बरा झाला नाही. काय दिसते, असे प्रभूने त्याला विचारले. माणसे झाडांसारखी चालताना दिसतात, असे तो प्रामाणिकपणे म्हणाला. त्यावर प्रभू रागावला नाही. 'इतके करूनही तुला नीट दिसत नाही?' असे त्याने म्हटले नाही. पुन्हा एकदा हात ठेवला. ज्याला एका शब्दाने सारे करता आले असते, तो एका माणसासाठी दोनदा थांबला. मग आपल्याला पाचदा थांबायला काय हरकत आहे?

या सगळ्यावरून माझे मत बनले आहे ते असे. रविवारचे धर्मशिक्षण ही वाचनाची परीक्षा असता कामा नये. आणि वाचनात मागे पडलेल्या मुलाजवळ बसणे ही आपल्या तरुणांनी करायची खरीखुरी सेवा आहे. वेदीसेवक होणे, गायनवृंदात गाणे, सणाला चर्च सजवणे या सेवांच्या बरोबरीने तिची नोंद धर्मग्रामाने घ्यावी.

हा एका मुलाचा प्रश्न नाही. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होते. म्हणजे पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूरही वाचता येत नव्हता. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' हे अभियान सुरू केले, ते याच काळजीने. आपल्या चर्चच्या बाकांवर बसणारी मुले याच शाळांतून येतात. मग आमच्या वर्गात 'पुस्तक विसरणारी' मुले किती असतील, याचा आपणच विचार करावा.

यावर तीन आक्षेप माझ्या कानावर आले आहेत.

पहिला पालकांचा. "वाचायला लावलं नाही, पाठ करून घेतलं नाही, तर मुलांना प्रार्थना येणार कशा?" पाठांतराला माझा मुळीच विरोध नाही. उलट पाठांतर हे कानाचे काम आहे, डोळ्यांचे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठीत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली छापले गेले. ते ओवीत आहे, आणि ओवी ही ऐकण्यासाठी असते. त्या काळच्या किती भाविकांना अक्षरओळख होती? आपल्या आजीला तरी कुठे वाचता येत होते? पण सगळी रोजरी तिच्या ओठांवर होती. मुलांना आधी ऐकवू या, मग एकत्र म्हणू या, आणि पुस्तक शेवटी उघडू या. आजवर आपण ते उलट करत आलो.

दुसरा आक्षेप एका निवृत्त शिक्षकांचा, आणि तो मला जड वाटतो. ते म्हणाले, "तुम्ही फुकटची पोरं पाठवलीत, की सरकार शिक्षक भरणारच नाही." इतिहास त्यांच्या बाजूने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवणारे पाद्री अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर गिरवत, तसेच ते. बेल यांनी ती रीत उचलली आणि मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवायला सुरुवात केली. पुढे हीच पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडात पसरली. ती पसरण्याचे एक मोठे कारण हे, की ती स्वस्त होती. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले. मुलाजवळ बसण्याची चांगली गोष्ट शिक्षक न नेमण्याची सबब झाली. म्हणून मी स्पष्ट लिहिते, की आपला विद्यार्थी बाईंच्या जागी जाणार नाही, बाईंच्या हाताखाली जाईल. रिकाम्या जागा भरा, ही मागणी पालक म्हणून आपण करतच राहिले पाहिजे. पण जागा भरेपर्यंत तो मुलगा चौथीतच थांबून राहणार नाही. तो मोठा होत जाईल आणि एक दिवस शाळा सोडेल.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूचा. "सरकारी शाळेत जाऊन आपली मुलगी प्रभूबद्दल काही बोलली का? नाही तर मग ही कसली ख्रिस्ती सेवा?" नाही, ती एक शब्दही बोलली नाही, आणि बोलूही नये. तिथे सर्व धर्मांची मुले असतात आणि त्यांच्या आईवडिलांनी ती अक्षरे शिकायला पाठवलेली असतात. त्या विश्वासाचा मान राखणे हेही ख्रिस्ती वागणेच आहे. तहानलेल्याला पाणी देताना प्रभूने आधी प्रवचन करायला सांगितलेले नाही.

आमच्या धर्मग्रामात आम्ही काय ठरवले ते सांगते. आपापल्या ठिकाणी जमेल तसे करून पाहा.

धर्मशिक्षणाच्या वर्गात रांगेने उभे करून वाचन घेणे बंद. ज्याला वाचायचे असेल त्याने आदल्या रविवारी सांगावे आणि घरून तयारी करून यावे. वर्गाची सुरुवात गोष्ट ऐकण्याने होईल. प्रथम कम्युनियनच्या आधी प्रत्येक मुलाशी धर्मशिक्षक किंवा फादर एकेकटे बोलतील, पुस्तकाशिवाय. आणि हे बोलणे चर्चच्या उघड्या आवारात, सगळ्यांना दिसेल अशा जागी होईल.

शाळेत मदतीला जाणाऱ्या तरुणांसाठी चार नियम. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि वर्गात शिक्षक हजर असल्याशिवाय जायचे नाही. ठरलेला वार चुकवायचा नाही, आणि जमणार नसेल तर आधी मुलांना सांगायचे. मुलांचे फोटो काढून मोबाइलवर टाकायचे नाहीत. आणि मुलाच्या वहीत आपल्या हाताने लिहायचे नाही.

शेवटचा नियम तिने घातला.

तिचे १२० तास आता पूर्ण झाले आहेत. मंगळवारची सकाळ मात्र तिने सोडलेली नाही. मुलगा अजून अडखळत वाचतो. सोपी वाक्ये येतात, जोडाक्षर आले की थांबतो. चमत्कार झाला असे मी लिहिणार नाही. माणसे अजून त्याला झाडांसारखी दिसतात. पण गेल्या रविवारी वर्ग संपल्यावर तो मागे थांबला. सगळे गेल्याची खात्री करून त्याने पिशवीतून पुस्तक काढले, पहिल्याच पानावरच्या एका शब्दावर बोट ठेवले आणि माझ्याकडे न बघता सावकाश म्हणाला, "ख्रि... स्त." मी मनात वीस आकडे मोजत होते. तेरावर पोहोचले होते.

यंदा त्याचे नाव यादीत आहे. त्याच्या आईला मी घरी जाऊन सांगितले, आणि गेल्या वर्षीबद्दल क्षमाही मागितली. ती या वेळीही एवढेच म्हणाली, "बरं टीचर." पण चहा घेतल्याशिवाय मला उठू दिले नाही.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू आंधळ्याला हाताला धरून गर्दीबाहेर नेलेस. आमच्या वर्गांत मान खाली घालून उभी असलेली मुले आम्हांला दिसू दे. घाई आमच्यापासून दूर कर. ज्यांना अक्षर अवघड जाते त्यांच्याजवळ बसायला आम्हांला वेळ दे, आणि त्यांच्या तोंडून तुझी गोष्ट नव्याने ऐकायला कान दे. आमेन.